गॅरेजमधील कार्यशाळेचे तापन

गॅरेजमधील कार्यशाळेचे तापन म्हणजे घराला लागून किंवा घराच्या आवारात असलेल्या मोटारीच्या खोलीत सुतारकाम, धातुकाम, वाहनदुरुस्ती यांसारखी कामे हिवाळ्यातही करता यावीत म्हणून तेथील तापमान कृत्रिम उपायांनी वाढवणे होय. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा आणि उत्तर युरोपातील थंड प्रदेशांत हा घरगुती तंत्रज्ञानाचा परिचित विषय आहे. मराठीत 'गॅरेज' हा शब्द मुख्यतः वाहनदुरुस्तीच्या दुकानासाठी वापरला जातो. प्रस्तुत लेखात मात्र तो निवासी घराच्या मोटारखान्यासाठी वापरला आहे.

अशी जागा तापवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नसते, परंतु ती राहत्या खोलीप्रमाणे तापवणे धोक्याचे ठरते. गॅरेजमध्ये पेट्रोल, रंग, द्रावके आणि लाकडाचा भुसा असतो, मोटारीचा धूर येतो आणि थंडीमुळे दारे बंद ठेवली जातात. त्यामुळे हीटर निवडताना किती उष्णता मिळेल याबरोबरच दोन प्रश्न निर्णायक असतात : ज्वलनातून निर्माण होणारे वायू कोठे जातात, आणि ज्योत किंवा तप्त पृष्ठभाग ज्वलनशील पदार्थांपासून किती दूर आहे. कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, आग व स्फोट हे यातील प्रमुख धोके आहेत.

## पार्श्वभूमी

विसाव्या शतकात मोटारीचा प्रसार झाल्यावर उत्तर अमेरिकेतील घरांना स्वतंत्र मोटारखाने जोडले जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर वसलेल्या उपनगरांमध्ये घराच्या भिंतीला भिंत लागून असलेले गॅरेज सर्वसामान्य झाले. मोटारीखेरीज उरलेल्या जागेत हत्यारे, काम करण्याचे टेबल आणि यंत्रे येऊ लागली. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील ज्या गॅरेजमध्ये विल्यम ह्यूलेट व डेव्हिड पॅकार्ड यांनी आपल्या उद्योगाची सुरुवात केली, ते आज ऐतिहासिक स्थळ म्हणून जतन केलेले आहे.

मोटार ठेवण्यासाठी बांधलेल्या या खोलीला उष्णतेची गरज नाही असे गृहीत धरले जात असे. त्यामुळे जुन्या गॅरेजच्या भिंतींत उष्णतारोधक थर नसतो, दार पातळ पत्र्याचे असते आणि दाराच्या कडांना फटी असतात. हिवाळ्यात आतील तापमान बाहेरच्या तापमानाच्या जवळपास उतरते.

## तापनाची आवश्यकता

कार्यशाळेत उबेची गरज केवळ काम करणाऱ्याच्या सुखासाठी नसते. बोटांच्या त्वचेचे तापमान सुमारे १५° से.च्या खाली गेल्यास बोटांचे कौशल्य आणि स्पर्शज्ञान कमी होते. फिरत्या करवतीजवळ काम करताना ही बाब थेट सुरक्षिततेशी संबंधित असते. जाड हातमोजे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण मोजा फिरत्या यंत्रात अडकून हात ओढला जाण्याचा धोका असतो.

साहित्याच्या दृष्टीनेही तापमान महत्त्वाचे आहे. लाकूडकामात वापरला जाणारा पांढरा किंवा पिवळा गोंद पाण्यात मिसळलेल्या बहुवारिकाच्या सूक्ष्म कणांचा बनलेला असतो. तापमान साधारण १०° से.च्या खाली असल्यास हे कण एकजीव न होता खडूसारखी पांढरी भुकटी तयार होते आणि सांधा कच्चा राहतो. इपॉक्सी फार सावकाश कडक होते. पाण्यावर आधारित रंग गोठल्यास निकामी होऊ शकतात. लिथियम-आयन बॅटरी ०° से.च्या खाली असताना विद्युतभारित केल्यास तिच्या ऋणाग्रावर धातुरूप लिथियमचा थर साचून ती कायमची बिघडू शकते. म्हणून बिनतारी हत्यारांच्या बॅटऱ्या अशा हवामानात घरात आणून विद्युतभारित केल्या जातात.

## उष्णतानाश आणि हीटरची क्षमता

खोलीचे तापमान स्थिर ठेवण्यासाठी जेवढी उष्णता बाहेर जाते तेवढीच आत पुरवावी लागते. भिंत, छत किंवा दार यांतून होणारा उष्णतानाश पुढील सूत्राने काढतात :

उष्णतानाश = यू-मूल्य × क्षेत्रफळ × आतील व बाहेरील तापमानांतील फरक

यू-मूल्य जितके कमी, तितका तो भाग उष्णता अडवण्यास अधिक समर्थ. फटींतून होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीचा उष्णतानाश यात मिळवावा लागतो. एक घनमीटर हवा एका अंशाने तापवण्यास सुमारे ०.३३ वॅट-तास ऊर्जा लागते.

उदाहरणादाखल ६ मीटर लांब, ६ मीटर रुंद व २.५ मीटर उंच असे घराला लागून असलेले गॅरेज घेतल्यास त्याच्या तीन बाह्य भिंती दार वगळून ३५ चौरस मीटर, दार १० चौरस मीटर आणि छत ३६ चौरस मीटर भरते. बाहेर उणे १०° से. आणि आत १५° से. तापमान धरल्यास फरक २५ अंशांचा होतो. जमिनीतून जाणारी उष्णता येथे धरलेली नाही.

* उष्णतारोधन नसताना : भिंतींचे यू-मूल्य २, छताचे २.५ व पत्र्याच्या दाराचे ६ धरून आणि हवा तासाला दीड वेळा बदलते असे मानून एकूण गरज सुमारे ६.६ किलोवॅट येते.
* उष्णतारोधन केल्यावर : भिंतींचे यू-मूल्य ०.४५, छताचे ०.२ व दाराचे १ धरून आणि फटी बुजवून हवेची अदलाबदल तासाला अर्ध्या वेळेवर आणल्यास गरज सुमारे १.२ किलोवॅट इतकी उतरते.

दुसऱ्या स्थितीत एक साधा विजेचा हीटरही तापमान टिकवू शकतो, तर पहिल्या स्थितीत इंधनावर चालणाऱ्या मोठ्या हीटरची गरज भासते. उष्णतारोधनामुळे इंधनाची बचत होते आणि त्याचबरोबर अधिक धोकादायक साधन वापरण्याची वेळच टळते. प्रत्यक्षात थंडगार पडलेले जमिनीचे काँक्रीट आणि जड यंत्रे गरम होण्यास वेळ लागत असल्याने हीटरची क्षमता गणितातून आलेल्या आकड्यापेक्षा थोडी अधिक ठेवतात.

उत्तर अमेरिकेत हीटरची क्षमता बहुधा 'बीटीयू प्रति तास' या एककात दिली जाते. १ किलोवॅट म्हणजे सुमारे ३,४१२ बीटीयू प्रति तास होय.

## धोके

### कार्बन मोनॉक्साइड

कार्बनयुक्त इंधनाला पुरेसा प्राणवायू न मिळाल्यास अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग, वास किंवा चव नसते. एलपीजी व नैसर्गिक वायूला येणारा उग्र वास गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या गंधकयुक्त संयुगाचा असतो. इंधन जळताना ते संयुगही जळून जाते, त्यामुळे ज्वलनातून आलेल्या कार्बन मोनॉक्साइडची सूचना नाकाला मिळत नाही.

रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूच्या तुलनेत या वायूशी दोनशे पटींहून अधिक घट्टपणे जोडले जाते. परिणामी हवेत प्राणवायू असूनही तो शरीरातील ऊतींना मिळत नाही. डोकेदुखी, चक्कर, मळमळ व थकवा ही प्रारंभिक लक्षणे फ्ल्यूसारखी वाटतात, मात्र त्यांत ताप नसतो. निर्णयशक्ती लवकर मंदावत असल्याने धोका ओळखण्याची व बाहेर पडण्याची क्षमताही कमी होते. बोटाला लावण्याचे सामान्य पल्स ऑक्सिमीटर प्राणवायूयुक्त व कार्बन मोनॉक्साइडयुक्त हिमोग्लोबिनमध्ये भेद करू शकत नाही. त्यामुळे विषबाधा झालेल्या व्यक्तीचे आकडेही त्यात सामान्य दिसू शकतात.

रक्तातील या वायूचे प्रमाण निम्म्यावर येण्यास साध्या हवेत सुमारे चार ते पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास हा काळ साधारण एक ते दीड तासावर येतो. म्हणून रुग्णाला मोकळ्या हवेत आणणे आणि त्वरित प्राणवायू देणे हा उपचाराचा गाभा आहे.

फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला यांचा २९ सप्टेंबर १९०२ रोजी पॅरिसमधील राहत्या घरी शयनगृहातील शेगडीचे धुराडे तुंबल्याने या वायूमुळे मृत्यू झाला. अमेरिकन टेनिसपटू विटास गेरुलायटिस यांचा सप्टेंबर १९९४ मध्ये पोहण्याच्या तलावाच्या हीटरची जोडणी सदोष असल्याने झालेला मृत्यूही याच प्रकारचा होता. दोन्ही घटना गॅरेजमधील नसल्या तरी त्यांतील कारण एकच आहे : ज्वलनवायू बाहेर नेणारा मार्ग निकामी होणे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या माहितीनुसार त्या देशात आगीशी संबंध नसलेल्या अपघाती कार्बन मोनॉक्साइड विषबाधेने दरवर्षी ४०० हून अधिक लोक मरण पावतात.

गॅरेजमध्ये या वायूचा आणखी एक स्रोत म्हणजे मोटारीचे इंजिन. धुरातील विषारी वायूंचे रूपांतर करणारे उत्प्रेरक उपकरण तापल्याशिवाय काम करत नाही. त्यामुळे थंड इंजिन सुरू केल्यानंतरची पहिली काही मिनिटे सर्वाधिक घातक असतात. गॅरेजचे दार उघडे असले तरी धूर आत साठून सामाईक भिंतीतील फटींमधून घरात शिरू शकतो.

### ज्वलनशील वाफा

पेट्रोल उणे ४०° से.च्या आसपासच्या तापमानालाही पेट घेण्याइतकी वाफ सोडते. कडाक्याच्या थंडीतही ते 'गोठलेले' म्हणून निर्धोक नसते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि काही मीटर दूर असलेल्या ज्योतीपर्यंत पोहोचू शकते. हवेत तिचे प्रमाण सुमारे १.४ टक्के झाले की मिश्रण स्फोटक बनते. प्रोपेन हा वायूही हवेच्या सुमारे दीडपट जड असून त्याची ही मर्यादा सुमारे २.१ टक्के आहे. लॅकर, थिनर व विशिष्ट चिकटद्रव्यांच्या वाफांचे वर्तनही असेच असते.

जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा धोका वेगळ्या स्वरूपाचा आहे. हे तेल सुकताना हवेतील प्राणवायूशी संयोग पावते आणि उष्णता बाहेर टाकते. चिंध्यांचा बोळा करून ठेवल्यास ती उष्णता आतच कोंडते आणि बाहेरून ठिणगी न लागताही तो पेटतो. उबदार खोलीत ही क्रिया अधिक वेगाने होते. फिलाडेल्फियातील वन मेरिडियन प्लाझा या गगनचुंबी इमारतीला २३ फेब्रुवारी १९९१ रोजी लागलेली आग अशाच तेलकट चिंध्यांपासून सुरू झाली होती. त्या आगीत तीन अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले.

### लाकडाची धूळ

रंध्याच्या जाड साली व भुसा जमिनीवर पडतो, परंतु घासकामातून निघणारी बारीक धूळ हवेत तरंगत राहते. ती हीटरच्या लालभडक तारेवर पडल्यास धुमसते व ठिणग्या उडू शकतात. हीटरच्या पंख्यात व विद्युत जोडण्यांवर साचलेल्या धुळीमुळे उष्णता कोंडते. पुरेशा दाट ढगाच्या स्वरूपात बारीक धूळ स्फोटकही असते. घरगुती कार्यशाळेत असा ढग सहसा धूळ गोळा करणाऱ्या यंत्राच्या पिशवीत किंवा साचलेली धूळ एकदम उडाल्यास तयार होतो.

### विजेवरील अतिरिक्त भार

उत्तर अमेरिकेतील घरांत सामान्य विद्युत मंडल १२० व्होल्ट व १५ अँपिअरचे असते. १,५०० वॅटचा हीटर १२.५ अँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे त्याच मंडलावर करवत यंत्र चालवण्यास जागा उरत नाही. दीर्घकाळ चालणारा भार मंडलाच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, असे तेथील विद्युत नियम सांगतात. बारीक तारेच्या एक्स्टेन्शन बोर्डवर हीटर लावल्यास तार व प्लग तापून आवरण वितळू शकते. सैल बसणारा प्लग हे आगीचे नेहमीचे कारण आहे.

### दमटपणा

धुराडे नसलेल्या इंधन-हीटरमधून उष्णतेबरोबर पाण्याची वाफही खोलीत येते. १ किलो प्रोपेन जळल्यास सुमारे १.६ किलो पाणी तयार होते. ५ किलोवॅटचा असा हीटर तासाला सुमारे ०.६ लिटर पाणी हवेत मिसळतो. वरील उदाहरणातील ९० घनमीटरच्या खोलीत १५° से.ला हवा फार तर १.१ ते १.२ लिटर पाणी वाफेच्या रूपात धारण करू शकते. उरलेली वाफ खिडक्यांवर आणि थंड राहिलेल्या बिडाच्या यंत्रांवर दवासारखी जमते. त्यामुळे करवत यंत्राच्या टेबलावर एका रात्रीत गंज चढलेला आढळतो.

## हीटरचे प्रकार

### विजेचे हीटर

विजेच्या हीटरमध्ये ज्वलन नसल्याने कार्बन मोनॉक्साइड व वाफ तयार होत नाही. पंख्याचे, तेलभरित व अवरक्त असे त्यांचे प्रमुख प्रकार आहेत. तेलभरित हीटरचा पृष्ठभाग तुलनेने कमी तापतो, मात्र तो खोली सावकाश गरम करतो. अवरक्त हीटर हवेऐवजी समोरची व्यक्ती व वस्तू तापवतो. म्हणून मोठ्या जागेत एकाच ठिकाणी उभे राहून करायच्या कामाला तो सोयीचा असतो. त्याची तप्त तार उघडी असल्यास धूळ व वाफांच्या जागी तो अयोग्य ठरतो. कायमस्वरूपी व्यवस्थेसाठी छताजवळ बसवलेला २४० व्होल्टचा हीटर वापरतात. ५ किलोवॅटच्या अशा हीटरला सुमारे २१ अँपिअर प्रवाह लागतो आणि त्यासाठी सहसा ३० अँपिअरचे स्वतंत्र मंडल दिले जाते.

### उष्णता पंप

भारतात परिचित असलेल्या स्प्लिट वातानुकूलन यंत्राचे चक्र उलट फिरवल्यास ते बाहेरच्या हवेतील उष्णता आत आणते. वापरलेल्या विजेच्या दुप्पट-तिप्पट उष्णता त्यातून मिळते, मात्र बाहेरचे तापमान उतरेल तसे हे गुणोत्तर घटते. थंड प्रदेशांसाठी बनवलेली यंत्रे उणे १५° से. व त्याहूनही कमी तापमानाला काम करतात. आतील भागात ज्योत किंवा लालभडक तार नसणे हा त्यांचा मोठा गुण आहे. आतल्या जाळीवर लाकडाची धूळ साचत असल्याने ती वारंवार साफ करावी लागते.

### बंदिस्त ज्वलनाचे गॅस हीटर

या प्रकारात ज्वलनासाठी लागणारी हवा नळीने बाहेरून घेतली जाते आणि ज्वलनवायू दुसऱ्या नळीने बाहेर सोडले जातात. ज्योतीचा खोलीतील हवेशी संबंध येत नाही. इंधनावर चालणाऱ्या साधनांपैकी कार्यशाळेसाठी हा प्रकार अधिक सुरक्षित मानला जातो. साधे धुराडे असलेले हीटर ज्वलनाची हवा खोलीतूनच घेतात. त्यामुळे खोलीतील हवेचा दाब कमी झाल्यास धुराड्यातील वायू उलटे आत येण्याची शक्यता असते.

### धुराडे नसलेले हीटर

प्रोपेन किंवा रॉकेलवर चालणारे सुटे हीटर स्वस्त, हलके व लगेच उष्णता देणारे असल्याने लोकप्रिय आहेत. बांधकामाच्या जागी वापरले जाणारे तोफेच्या आकाराचे, जोरात गरम हवा फेकणारे हीटरही याच वर्गात येतात. त्यांचे सर्व ज्वलनवायू खोलीतच राहतात. काही हीटरमध्ये हवेतील प्राणवायूचे प्रमाण नेहमीच्या २०.९ टक्क्यांवरून सुमारे १८ टक्क्यांवर येताच इंधन बंद करणारी योजना असते. ती उपयुक्त असली तरी कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. बर्नर बिघडलेला असल्यास प्राणवायू पुरेसा असतानाही विषारी वायू तयार होऊ शकतो. कॅलिफोर्निया राज्यात राहत्या घरांत असे हीटर वापरण्यास बंदी आहे.

### लाकडाची भट्टी

कार्यशाळेतील लाकडाचे तुकडे फुकट इंधन म्हणून वापरण्याचा मोह स्वाभाविक असतो. तथापि उघडी ज्योत, ठिणग्या, तप्त धुराडे आणि काम संपल्यावरही कित्येक तास धगधगणारे निखारे यांमुळे गॅरेजसाठी हा प्रकार अयोग्य मानला जातो. प्लायवूड, रंगवलेले किंवा रसायनाने टिकाऊ केलेले लाकूड जाळल्यास विषारी धूर निघतो.

### तापलेली जमीन

नवीन बांधकामात काँक्रीटच्या जमिनीत प्लॅस्टिकच्या नळ्या पुरून त्यांतून कोमट पाणी फिरवता येते. पाणी तापवणारे साधन दुसऱ्या खोलीत असल्याने कार्यशाळेत प्रज्वलनाचा स्रोत राहत नाही आणि पायांना ऊब मिळते. ही व्यवस्था सावकाश तापते व सावकाश निवते. म्हणून अधूनमधून वापरल्या जाणाऱ्या जागेपेक्षा रोजच्या कामाच्या जागेला ती अनुकूल असते.

## वायुवीजन आणि तापन यांतील विरोध

कार्यशाळेतून धूळ व वाफा बाहेर काढणे आवश्यक असते, परंतु बाहेर जाणारी हवा उष्णताही नेते. धूळ ओढणारे यंत्र तासाला १,००० घनमीटर हवा बाहेर सोडत असल्यास २५ अंशांच्या फरकाला सुमारे ८ किलोवॅट उष्णता वाया जाते. वरील उदाहरणातील उष्णतारोधित गॅरेजच्या एकूण गरजेच्या ही कितीतरी पट आहे. म्हणून हिवाळ्यात अनेक कारागीर धूळ बारीक गाळणीतून गाळून हवा पुन्हा खोलीत सोडतात. गाळणीने धूळ अडते, द्रावकांच्या वाफा मात्र अडत नाहीत. त्यामुळे रंगकामाच्या वेळी हवा बाहेर सोडणे टाळता येत नाही.

हवा बाहेर ओढली जात असताना आत येण्यास पुरेसा मार्ग नसल्यास खोलीतील दाब कमी होतो. अशा वेळी गॅस हीटरचे किंवा पाणी तापवण्याच्या बंबाचे साधे धुराडे हाच हवेचा आत येण्याचा मार्ग बनतो आणि ज्वलनवायू खोलीत ओढले जातात. हीटर, धुराडे व पंखा स्वतंत्रपणे निर्दोष असूनही त्यांच्या एकत्र वापरामुळे विषबाधा होऊ शकते, ही या विषयातील सहज नजरेतून सुटणारी बाब आहे.

## नियम व मानके

अमेरिकेतील बांधकाम व अग्निसुरक्षा नियम राज्य व शहरानुसार बदलतात, तथापि त्यांपैकी बहुतेक आदर्श संहितांवर आधारलेले असतात. त्यांतील प्रमुख तत्त्वे पुढीलप्रमाणे आहेत :

* गॅरेजमधील ज्योत किंवा ठिणगी निर्माण करणारा भाग जमिनीपासून किमान १८ इंच, म्हणजे सुमारे ४६ सेंटिमीटर उंच असावा. जमिनीलगत पसरणाऱ्या पेट्रोलच्या वाफांमुळे हा नियम आला आहे.
* घर व गॅरेज यांमधील भिंतीला गॅरेजच्या बाजूने किमान अर्धा इंच जाडीचे जिप्सम बोर्ड असावे. गॅरेजचे दार शयनगृहात उघडू नये.
* घन इंधनावरील भट्टी निवासी गॅरेजमध्ये बसवण्यास अग्निसंरक्षणाच्या मानकांत मनाई आहे.
* घरगुती शेगडीला जोडले जाणारे सुमारे ९ किलो क्षमतेचे प्रोपेन सिलिंडर घरात किंवा घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये साठवू नयेत.

कार्बन मोनॉक्साइडच्या संदर्भात अमेरिकेतील कामगार-सुरक्षा नियमांनुसार आठ तासांच्या कामासाठी सरासरी मर्यादा दशलक्ष भागांत ५० भाग इतकी आहे. घरगुती सूचकयंत्राच्या मानकानुसार दशलक्ष भागांत ७० भाग वायू असताना एक ते चार तासांत, १५० भाग असताना १० ते ५० मिनिटांत आणि ४०० भाग असताना ४ ते १५ मिनिटांत गजर वाजला पाहिजे. कमी प्रमाणात गजर उशिरा वाजतो, म्हणून गजर शांत असणे म्हणजे हवा शुद्ध असणे नव्हे.

## सुरक्षित वापराच्या पद्धती

* प्रथम छत, दार व भिंतींचे उष्णतारोधन करून फटी बुजवणे आणि त्यानंतरच हीटरची क्षमता ठरवणे योग्य ठरते. फटी बुजवल्यावर धुराडे नसलेला हीटर अधिक घातक होतो, हेही लक्षात घ्यावे लागते.
* पेट्रोल, थिनर व प्रोपेनचे सिलिंडर तापवलेल्या जागेत न ठेवता घरापासून वेगळ्या, हवेशीर छपरीत ठेवावेत.
* सुट्या हीटरभोवती सर्व बाजूंनी किमान १ मीटर जागा मोकळी असावी. हीटर थेट भिंतीवरील सॉकेटला जोडावा आणि खोली सोडताना बंद करावा. अमेरिकेत घरतापनाच्या साधनांमुळे लागणाऱ्या आगींतील बहुतांश मृत्यू सुट्या हीटरशी निगडित असतात.
* रंगकाम किंवा द्रावकांचे काम चालू असताना ज्योत असलेला अथवा उघड्या तारेचा हीटर बंद ठेवून वाफा पूर्ण निघून जाईपर्यंत तो पुन्हा लावू नये.
* तेलकट चिंध्या मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात टाकाव्यात.
* कार्बन मोनॉक्साइड सूचकयंत्र घराच्या गॅरेजलगतच्या भागात असावे. कार्यशाळेतही ते बसवायचे असल्यास तेथील तापमानात चालणारे निवडावे, कारण सामान्य यंत्रे साधारण ४° से.च्या खाली विश्वासार्ह नसतात. आगीच्या सूचनेसाठी, धुळीने चुकीचा गजर देणाऱ्या धूरसूचकाऐवजी उष्णतासूचक वापरतात.
* काम नसताना तापमान ५ ते ७° से.वर राखल्यास गोंद व रंग गोठत नाहीत आणि यंत्रांवर दव जमण्याचे प्रमाण घटते.
* डोकेदुखी किंवा मळमळ जाणवल्यास कारण शोधत न बसता सर्वांनी तत्काळ बाहेर पडावे आणि आपत्कालीन सेवेला कळवावे. हा क्रमांक अमेरिका व कॅनडात ९११, तर भारतात ११२ आहे. बेशुद्ध व्यक्तीला वाचवण्यासाठी आत शिरणाऱ्यालाही विषबाधा होऊ शकते.

## भारतातील संदर्भ

भारताच्या बहुतांश भागात निवासी गॅरेज तापवण्याची गरज भासत नाही. महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात काही हिवाळ्यांत किमान तापमान ५° से.च्या खाली उतरते, मात्र दिवसा ऊन पडत असल्याने कार्यशाळांत कायमस्वरूपी तापनव्यवस्था सहसा नसते. काश्मीर व लडाखमध्ये धुराडे असलेली लोखंडी बुखारी वापरली जाते. फिरनच्या आत धरली जाणारी निखाऱ्यांची कांगडी हे व्यक्तीला ऊब देण्याचे पारंपरिक साधन आहे.

या लेखातील मूळ धोका मात्र भारतातही तितकाच खरा आहे. उत्तर भारतात बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपल्याने मृत्यू झाल्याच्या घटना हिवाळ्यात घडतात. कोळशातून धूर निघणे थांबले म्हणजे तो निर्धोक झाला, हा समज चुकीचा आहे. धूर न देणारे लाल निखारेच मोठ्या प्रमाणात कार्बन मोनॉक्साइड सोडतात. महाराष्ट्रातील शहरांत लहान, बंदिस्त न्हाणीघरात बसवलेल्या गॅस गीझरमुळे झालेल्या दुर्घटनाही याच कारणाने घडलेल्या आहेत. साधन शेगडी असो, गीझर असो वा परदेशातील गॅरेजमधला हीटर असो, ज्वलनवायूंना बाहेर जाण्याचा स्वतंत्र मार्ग आणि ताज्या हवेचा पुरवठा या दोन अटी सर्वत्र समान आहेत.

## हेही पहा

* कार्बन मोनॉक्साइड
* उष्णतारोधन
* उष्णता पंप
* वायुवीजन
* कांगडी